इंजिन ऑईल गरम असताना काढावं की थंड झाल्यावर?

गोदाकाठ
नाशिक. पेट्रोल स्विफ्ट, ऑईल आणि फिल्टर घरीच बदलायचा विचार आहे. सामान आणून ठेवलंय: ऑईलचा डबा, फिल्टर, चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी ऑईल साठतं त्या भांड्याच्या) नटाचा नवा वायसर, पसरट टब. प्रश्न एकच आहे आणि त्याची दोन ठाम, परस्परविरोधी उत्तरं मिळतात. गॅरेजवाले सांगतात गाडी फिरवून आणा आणि गरम गरम काढा, म्हणजे सगळी घाण निघते. दुसरा पक्ष सांगतो रात्रभर उभी ठेवा, सगळं ऑईल चेंबरमध्ये उतरतं, सकाळी थंडच काढा. खरं काय? जाणकारांनी कारणासकट सांगावं.

टॉर्करेंच
कोमट. गरमही नको, थंडही नको.

गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून आणा. नुसती उभ्या उभ्या सुरू ठेवू नका. तापमानाचा काटा मधोमध आला म्हणजे ऑईल तापलं असं होत नाही. तो काटा कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा) असतो, आणि ऑईल कूलंटच्या बरंच मागून तापतं. पाच मिनिटांत काटा वर येतो तेव्हा ऑईल अजून नुसतं कोमटलेलं असतं. चालवून आणल्यावर सपाट जागी लावा, बॉनेट उघडा, ऑईल भरायचं झाकण सैल करा, डिपस्टिक थोडी वर ओढून ठेवा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. एवढ्या वेळात वरच्या टॅपेट कव्हरातलं, हेडमधलं ऑईल खाली उतरतं आणि हाताला भाजणार नाही इतपत निवतंही. मग चेंबर नट खोला.

मारुतीच्या मालकपुस्तिकेत स्पष्ट सूचना आहे की ऑईल बोटं भाजण्याइतकं गरम असू शकतं, म्हणून नटाला उघडा हात लावता येईल इतका तो निवेपर्यंत थांबा. पुस्तिका गॅरेजवाल्यांपेक्षा शहाणी आहे.

पहाटवारा
थंड पक्षाकडून. वरच्या प्रतिसादातली पाऊण तासाची उस्तवार कशासाठी? रात्रभर उभ्या गाडीत आठ-दहा तास ऑईल निथळतं. पाऊण तास विरुद्ध दहा तास, कुठे जास्त उतरेल? शिवाय ऑईलमध्ये पाणी असेल तर ते जड म्हणून तळाशी बसतं आणि नट खोलल्यावर आधी तेच बाहेर येतं. एक्झॉस्ट गार, फिल्टर गार, चेंबर गार, भाजायचा प्रश्नच नाही. फक्त टब खाली ठेवून चहा प्यायला जायचं, पंधरा मिनिटांऐवजी चाळीस मिनिटं लागली तर लागली.

सुगरण_मेकॅनिक
तुपाचा डबा हिवाळ्यात उपडा करून बघा आणि उन्हात ठेवून उपडा करून बघा. डब्याच्या कडांना किती चिकटून राहतं ते दिसेल.

पहाटवारा
@सुगरण_मेकॅनिक, तूप थिजतं. इंजिन ऑईल नाशिकच्या थंडीत थिजत नाही. तुलना काकवीशी करा, तीही मे महिन्यातल्या.

सेंटिस्टोक
तूप-काकवी राहू द्या, आकडे घ्या. ५डब्ल्यू-३० दर्जाच्या एका सर्वसाधारण ऑईलची स्निग्धता, म्हणजे दाटपणा, ४० अंश सेल्सिअसला ६५ आणि १०० अंशांना ११ सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक) धरू. मधले आकडे नेहमीच्या तापमान-स्निग्धता सूत्राने काढले तर साधारण असे येतात:

१० अंशांना २९०. ३० अंशांना १००. ६० अंशांना ३१. १०० अंशांना ११.

नाशिकची जानेवारीची पहाट १० अंशांची असू शकते. त्याच नाशिकात एप्रिलची सकाळ २५-३० अंशांची. म्हणजे "थंड ऑईल" ही एकच गोष्ट नाही. जानेवारीतलं थंड ऑईल एप्रिलमधल्या थंड ऑईलच्या जवळपास तिप्पट दाट आहे. १० वरून ६० वर गेलं की दाटपणा नवव्या हिश्शावर येतो. तिथून पुढे १०० पर्यंत तापवलं तर अजून तिसरा हिस्सा होतो खरा, पण ३१ सेंटिस्टोकचं ऑईल तसंही धो धो वाहतं. त्या शेवटच्या चाळीस अंशांतून मिळतात फक्त फोड आणि वाचलेली दोन-चार मिनिटं.

म्हणून टॉर्करेंच यांच्याशी सहमत, ५०-६० अंश पुरे.

मिनेसोटाकर
आमच्याकडे जानेवारीत उणे वीस असतं. तिथे थंड ऑईल काढायचा प्रश्नच येत नाही, ते नटाच्या भोकातून दोरीसारखं लोंबतं आणि मधेच जाड होऊन थांबतं. पहाटवारा यांचा सल्ला विदर्भाला लागू, उत्तर अमेरिकेतल्या गॅरेजविना घरांना नाही. भारतातल्या मैदानी हवेत मात्र थंड काढलं तर काही बिघडत नाही हे मान्य.

चेंबरनट
सगळे किती वाहतं यावर भांडताहेत. कितीही करा, इंजिनात मागे काय राहतं ते बघा. होंडा सिव्हिकचं १.८ लिटर आर१८ इंजिन घ्या, २००६ साली भारतात आलेलं. नुसतं ऑईल बदललं तर ३.५ लिटर लागतं, फिल्टरसकट ३.७ लिटर, आणि इंजिन पूर्ण खोलून जोडल्यावर ४.५ लिटर. हे कंपनीचे आकडे आहेत. अर्थ सरळ आहे: नियमाप्रमाणे ऑईल-फिल्टर बदलूनही सुमारे ०.८ लिटर जुनं ऑईल आतच राहतं. ऑईल पंपात, गॅलऱ्यांत (ऑईलच्या आतल्या वाटांत), हेडच्या खळग्यांत, कॅमशाफ्टखालच्या डबक्यांत, भिंतींवर. जवळजवळ अठरा टक्के.

गरम-थंडने फरक पडला तर अर्ध्या-एक कपाचा. त्या ०.८ लिटरसमोर तो कुठे आहे? ऑईलची मुदत ठरवताना कंपनीने हे उरणारं ऑईल धरलेलंच असतं. वेळेवर बदला, बास.

गोदाकाठ
०.८ लिटर? मग ते काढायला फ्लश (इंजिन आतून धुवायचं द्रावण) वापरावा का? दुकानदार दरवेळी गळ्यात मारायला बघतो.

चेंबरनट
वेळेवर ऑईल बदललेल्या इंजिनाला गरज नाही. उलट फ्लशचं पातळ द्रावण त्याच ०.८ लिटरमध्ये मिसळून मागे राहतं आणि नव्या ऑईलला पातळ करतं. वर्षानुवर्षं दुर्लक्षित, आत काळ्या साईचा थर असलेल्या इंजिनात फ्लश टाकला तर थराचे पापुद्रे सुटून पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात आणि ऑईलचा दाब पडतो. अशा इंजिनाला चांगलं ऑईल घालून दोन-तीन वेळा लवकर लवकर बदलणं बरं, म्हणजे थर हळूहळू विरघळतो.

घाटवाट
"गरम काढलं की घाण निघते" या वाक्याची दुसरी बाजू. आजच्या ऑईलमध्ये डिस्पर्संट असतात, ते काजळीचे अतिसूक्ष्म कण एकमेकांना चिकटू न देता ऑईलमध्येच तरंगत ठेवतात. मोठे कण फिल्टर पकडतो. त्यामुळे रात्रभरात "घाण खाली बसते आणि तिथेच राहते" हे साध्या खनिज ऑईलच्या जमान्यातलं भय आहे. काजळी रात्रीत बसत नाही. बसली तर ते ऑईल कधीच संपलेलं असतं.

खाली बसतं ते पाणी, तेही मोकळं असेल तर. रोज दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत, विशेषतः कोकणच्या पावसाळ्यात, ऑईल कधी धड तापतच नाही. ज्वलनातली वाफ आत थंड होऊन ऑईलमध्ये घुसळली जाते. भरायच्या झाकणाखाली फिकट पिवळट, लोण्यासारखा थर दिसतो तो हाच. हे पाणी घुसळलेलं असल्याने रात्रभरात वेगळं होत नाही. अशा गाडीला आधी अर्धा तास सलग हायवेवर पळवा, वाफ निघून जाऊ द्या, मग ऑईल बदला. आणि थर जाऊन पुन्हा लगेच आला, सोबत कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधली सीलबंद पट्टी) तपासा.

पहाटवारा
@घाटवाट, घुसळलेल्या पाण्याचं मान्य. माझं वाक्य मोकळ्या पाण्यापुरतं धरा.

नळपाणी
अवांतर: काढलेलं जळकं ऑईल मी दाराच्या चौकटीला वाळवीसाठी लावायला ठेवतो आहे. चालेल ना? गावाकडे कुंपणाच्या खुंटांना लावतातच.

घाटवाट
नका लावू. वापरलेल्या ऑईलमध्ये ज्वलनातून आलेली बहुचक्री हायड्रोकार्बनं असतात आणि झिजलेल्या धातूंचे अंश. त्वचेवर वारंवार लागलं तर कर्करोगाचा धोका आहे, म्हणूनच काम करताना नायट्राईलचे हातमोजे घालायचे. घराच्या चौकटीला तर मुलांचे हात रोज लागतात. खुंटाचं ऑईल पावसात जमिनीत आणि तिथून विहिरीत.

टॉर्करेंच
जुनं ऑईल नव्या ऑईलच्याच रिकाम्या डब्यात भरा, पाणी किंवा कूलंट त्यात मिसळू देऊ नका, आणि जिथे ऑईल बदलून देतात अशा गॅरेजात द्या. कायद्याने ते धोकादायक कचऱ्यात मोडतं. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑईलसाठी उत्पादकांवर पुनर्वापराची जबाबदारीही टाकलेली आहे, त्यामुळे नोंदणीकृत पुनर्प्रक्रियावाल्याकडे जाणाऱ्या साखळीतच ते गेलं पाहिजे. गटारात एक थेंबही नको.

मिनेसोटाकर
इकडे गाडीच्या सुट्या भागांची मोठी दुकानं जुनं ऑईल फुकट घेतात. तिकडे अशी सोय गल्लोगल्ली झाली पाहिजे, लोक घरी बदलायला मागेपुढे पाहणार नाहीत.

डिझेलदादा
बीएस-६ डिझेलवाल्यांसाठी वेगळा मुद्दा, कारण वरचं सगळं पेट्रोलच्या अंगाने चाललंय.

एक, ज्या डिझेलमध्ये एक्झॉस्टला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) आहे ती गाडी थांबवताना पंखा जोरात चालू राहिला, आयडल आरपीएम नेहमीपेक्षा वर असलं, जळकट वास आला, तर आत रिजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळणं, चालू आहे असं समजा. त्या वेळी डीपीएफ सहाशे अंशांच्या आसपास असतो. तशा गाडीखाली घुसून "गरम ऑईल" काढणं हा शुद्ध धोका आहे. आधी चालवून रिजनरेशन पूर्ण होऊ द्या, मग तासभर निवू द्या.

दोन, रिजनरेशनसाठी जास्तीचं डिझेल सोडलं जातं, त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून ऑईलमध्ये उतरतं. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या गाडीत डिपस्टिकवरची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढते. पातळी कमाल खुणेच्या वर गेली असेल तर किलोमीटर भरायची वाट बघू नका.

तीन, ऑईल कमी राखेचं, पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचंच. डीपीएफमधली काजळी जळते, ऑईलमधल्या मिश्रकांची राख जळत नाही, ती जाळीत कायमची साठते.

टर्बो असेल तर, पेट्रोल असो वा डिझेल, चालवून आल्यावर मिनिटभर आयडलवर ठेवून मगच बंद करा.

सेंटिस्टोक
ऑईल किती अंशांवर आलं हे कसं कळणार, असं कुणी विचारायच्या आत: लेझर टिपक्याचं थर्मामीटर चालतं, पण चेंबर चकचकीत ॲल्युमिनियमचा असेल तर ते बरंच कमी तापमान दाखवतं. ७० अंशांच्या धातूला ४० म्हणेल आणि तुम्ही बिनधास्त हात घालाल. चेंबरवर काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा चिकटवा आणि त्या तुकड्यावर टिपका धरा. काळ्या रंगाच्या पत्र्याच्या चेंबरला टेपची गरज नाही.

६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी खोलवर भाजतं. ऑईल पाण्यासारखं पटकन निथळत नाही, चिकटून राहतं, हे लक्षात ठेवा. ५० च्या आसपास आलं की काम सुरू करा.

चक्रधर७२
डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ओढणाऱ्यांनी काय करायचं? नट खोलायचाच नाही.

टॉर्करेंच
तिथे गरमच हवं, ७०-८० अंश. बारीक नळीतून दाट ऑईल खेचायला हातपंपाला फार वेळ लागतो. हात ऑईलजवळ जातच नाही, म्हणून गरम चालतं. फक्त पंपाची टाकी आणि नळी तेवढं तापमान सोसणारी हवी, स्वस्त नळी मऊ पडून आत चपटते. आणि नळीचं टोक खरंच तळाला टेकलंय का ते आधी बघा. काही इंजिनांत डिपस्टिकची नळी तळापर्यंत पोचतच नाही. किती निघालं ते मोजा. पुस्तिकेत ३.५ लिटर लिहिलंय आणि पंपात २.८ च दिसतंय, तर पूर्ण निघालेलं नाही. त्यावर ३.५ ओतलं तर पातळी कमालच्या वर जाते, क्रँक ऑईलमध्ये आपटून फेस करतो आणि फेसाळ ऑईलला दाब धरवत नाही.

गोदाकाठ
पंप नाही, नटच खोलणार. खोलतानाच्या दोन-चार गोष्टी सांगाल का?

टॉर्करेंच
आधी वरचं भरायचं झाकण हाताने उघडतंय याची खात्री करा. मग गाडी पुढची दोन्ही चाकं रॅम्पवर चढवून किंवा जॅक स्टँडवर. फक्त जॅकवर कधीही नाही, विटांवर तर नाहीच. हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना उटी. चेंबर नट ज्या बाजूला आहे ती बाजू खालच्या अंगाला राहील असं बघा, नाहीतर उलट्या उतारामुळे पाव-अर्धा लिटर आतच डबकं धरून राहतं. गरम-थंडपेक्षा या उताराने जास्त फरक पडतो.

रिंग पाना किंवा गोटी (सॉकेट) वापरा, उघड्या पान्याने नटाचे कोपरे गोल होतात. नट सैल झाला की पुढे बोटांनी फिरवा, आणि फिरवताना तो आत दाबून धरा. दाबून धरला की शेवटच्या आट्यापर्यंत ऑईल गळत नाही. शेवटचा आटा सुटला की हात खाली नाही, बाजूला झटकन काढायचा, मनगट धारेच्या खाली राहू द्यायचं नाही. नट आडवा असेल तर पहिली धार सरळ खाली पडत नाही, भरल्या चेंबरच्या दाबाने वीतभर पुढे झेपावते. म्हणून टब नटाच्या पुढे ठेवा आणि पातळी उतरेल तसा मागे सरकवा. सरतेशेवटी धार तारेसारखी बारीक होते, ती वाऱ्याने उडते. टबाभोवती जुने वर्तमानपत्र पसरा.

धार थांबून थेंब आले की घाई करू नका, दहा-पंधरा मिनिटं ठिबकू द्या. तोवर फिल्टर काढा.

चेंबरनट
फिल्टरवर भर घालतो. जुना काढल्यावर त्याचा रबरी रिंग फिल्टरसोबत आला का ते डोळ्यांनी बघा. इंजिनाला चिकटून राहिला आणि त्यावर नवा फिल्टर बसला तर दोन रबर एकावर एक येतात. इंजिन सुरू करताच दाबाने एक निसटतं आणि मिनिटभरात सगळं ऑईल रस्त्यावर. घरी केलेल्या कामातली ही सगळ्यात महागडी चूक. नव्या रबराला बोटाने ताजं ऑईल चोपडा, रबर टेकेपर्यंत हाताने फिरवा, तिथून पुढे पाऊण फेरा. पान्याने आवळू नका.

चेंबर नटाला वायसर नवा. स्विफ्टच्या नटाला ३५ न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच नसेल तर पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण १४ किलोचा जोर, त्याहून जास्त नाही. "अजून जरासा" म्हणत ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात, मग हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवा नाहीतर चेंबर बदला.

घाटवाट
यावरून आठवलं, पाना लावायच्या आधी नट बोटांनी पूर्ण आत गेला पाहिजे. दोन आट्यांनंतर अडकला तर तिरका चढलाय. उलटा फिरवून पुन्हा लावा.

हायब्रीडवाली
स्ट्राँग हायब्रीडबद्दल (इंजिनासोबत बॅटरीवरही चालणाऱ्या गाड्यांबद्दल) कुणीच बोललं नाही. तिथे इंजिन अधूनमधूनच चालतं, दहा किलोमीटर फिरून आलं तरी ऑईल धड तापलेलं नसतं. पण ही इंजिनं ०डब्ल्यू-१६ सारखं पातळ ऑईल घेतात, त्यामुळे थंडही चांगलं वाहतं. खरी काळजी वेगळी: गाडी रेडी अवस्थेत (इंजिन बंद, पण चालायला तयार) राहिली तर बॅटरी उतरल्यावर इंजिन आपोआप सुरू होऊ शकतं, आणि तुम्ही नट काढून खाली बसलेले. गाडी पूर्ण बंद, किल्ली घरात, मगच खाली जा.

पहाटवारा
हा मुद्दा धाग्याच्या वर डकवून ठेवण्याइतका महत्त्वाचा आहे.

चक्रधर७२
नवीन ऑईल घातल्यावर पातळी कधी बघायची? लगेच बघितली तर फिल्टर रिकामा असतो ना?

सेंटिस्टोक
बरोबर. पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा पाव लिटर कमी ओता. इंजिन सुरू करा, ॲक्सिलरेटर न दाबता. ऑईलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद करा. दोन-तीन मिनिटं चालू ठेवून नट आणि फिल्टरपाशी बॅटरी मारून बघा, ओल दिसते का. बंद करून पाच मिनिटं थांबा, सपाट जागी डिपस्टिक पुसून बघा, मग थोडं थोडं ओतत कमाल खुणेपर्यंत न्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा नजर टाका, पातळीवर आणि जमिनीवरही.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. शेवटची शंका. गाडी तीन आठवडे उभी आहे, विमा संपल्यामुळे रस्त्यावर नेता येत नाही. ऑईल आत्ताच काढायचंय. म्हणजे जागच्या जागी सुरू करून पाच मिनिटांनी काढू?

पहाटवारा
नको! हा सगळ्यात वाईट पर्याय. तीन आठवड्यांत जेवढं उतरायचं तेवढं ऑईल चेंबरमध्ये उतरलंय. सुरू केलंत की पंप ते पुन्हा हेडपर्यंत चढवतो, फिल्टर आणि गॅलऱ्या भरतो, आणि पाच मिनिटांत ते तापतही नाही. म्हणजे दाटच्या दाट ऑईल वर नेऊन ठेवायचं आणि उतरायची वाट बघत बसायचं.

टॉर्करेंच
इथे पहाटवारा यांना माझं पूर्ण अनुमोदन. चावीलाही हात लावू नका. सकाळची थंडी ओसरू द्या, दुपारी उन्हं चेंबरपर्यंत पोचतील अशी गाडी वळवून, ढकलून लावा, आणि दोन-तीनच्या सुमाराला थंडच काढा. टब खाली ठेवून निथळायला वेळ जास्त द्या, पाऊण तास. आणि नव्या ऑईलवर पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा ते मिनिटभरापुरतं नको. विमा झाला की त्याच दिवशी अर्धा तास सलग चालवून आणा.

गोदाकाठ
ठीक. विमा सोमवारी होतोय, नट उद्या दुपारी अडीचला खोलतो. नटाचा वायसर तांब्याचा मिळालाय, ॲल्युमिनियमचा नाही, तो चालेल ना?

चेंबरनट
आतलं माप नटाला बरोबर बसत असेल आणि नवा असेल तर चालेल. जुना तांब्याचा असेल तर लाल तापवून गार करून घ्या, मऊ होतो, मगच लावा.